शिमग्याला बाग जाळायची, तर परवाना कोणाकडून घ्यायचा?

प्रश्न : राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या कडेला, समुद्राकडे उतरत्या जमिनीवर आमची अडीच एकर बाग आहे. वरच्या भागात काजू, खाली हापूसची तीस कलमं. पूर्वेला, म्हणजे वरच्या अंगाला वनखात्याची हद्द लागते आणि दक्षिणेला शेजाऱ्याची बाग. आम्ही मुंबईत असतो. शिमग्याला गावी गेलो की चार गडी लावून बाग बेणायची (गवत-झुडपं कापून साफ करायची) आणि गवत-पातेरा, म्हणजे सुका पाला, तिथल्या तिथे पेटवायचा, हे वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय. गेल्या वर्षी दुपारी आग सरकली आणि शेजाऱ्याची तीन कलमं होरपळली. यंदा त्याने बजावलंय, "परवाना दाखवा, नाहीतर पोलिसांत जातो." सरपंच म्हणतात, "आपल्या जागेत जाळायला कसला परवाना?" गावच्या ग्रुपवर तीस हजार दंडाचा मेसेज फिरतोय. खरं काय? अर्ज कुठे करायचा? चुलतभाऊ तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, पाला-शेण पेटवून जमीन भाजतो, म्हणजे भाजावळ करतो, त्यालाही हे लागू आहे का? औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि फाटके क्रेट आम्ही त्याच आगीत टाकतो, ते चालतं ना?
— राजापूर तालुक्यातला एक चाकरमानी

उत्तर : तुम्ही ज्या नावाचा कागद शोधताय, तो कागदच नाही. स्वतःच्या शेतजमिनीतला पातेरा जाळण्यासाठी अमुक खिडकीवर अमुक फी भरली की परवाना मिळतो, अशी सोय आपल्याकडे नाही. तेवढ्यापुरतं सरपंचांचं बरोबर. पण परवाना नाही म्हणजे मोकळं रान आहे, असंही नाही. जमीन कोणत्या सदरात मोडते, हद्दीला काय लागून आहे, ढिगात काय टाकलंय आणि आग पलीकडे गेली का, यावर वेगवेगळे कायदे लागतात. उद्या पोलिसांत प्रकरण गेलं तर ग्रामपंचायतीची चिठ्ठी दाखवून तुमची सुटका होणार नाही. म्हणून आधी जमिनीचं बघू.

ताजा सात-बारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. तिथे 'वनसंज्ञा', 'खाजगी वन', 'राखीव वन' किंवा 'कलम ३५(३)' असं काही लिहिलेलं असेल, तर जमीन तुमच्या नावावर असूनही ती वनखात्याच्या दृष्टीने साधी शेतजमीन नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा नोंदी खूप आहेत. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ हा कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झाला आणि कित्येक खातेदारांना ही नोंद कळते ती जमीन विकायला काढल्यावर किंवा झाड तोडायला गेल्यावर. नोंद सापडली तर काडी ओढण्याआधी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि लेखी उत्तर घ्या. नोंद नसेल तर पुढचं वाचा.

तुमच्या बाबतीत खरी जोखीम पूर्वेच्या हद्दीची आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनाला आग लावणं हा गुन्हा आहेच. शिवाय नियम मोडून, वनाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा ती पेटती सोडून जाणं हाही गुन्हा आहे. तुम्ही काडी तुमच्या गटात ओढली, एवढ्याने हा मुद्दा संपत नाही. संरक्षित वनासाठी कलम ३३ मध्ये तसाच बंदोबस्त आहे. अभयारण्याजवळ ज्यांची जमीन आहे, उदाहरणार्थ मुरूडच्या फणसाडलगत, त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम ३० याहून आधी लागतं.

वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं. शिमगा नेमका त्यात येतो. या दिवसांत भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपते आणि वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर सूचना जाते. ज्या उपग्रहाची माहिती मुख्यतः वापरतात, तो दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो. त्याच्या चित्रातला एक चौकोन ३७५ मीटरचा असतो. म्हणजे हद्दीपासून शंभर मीटर आत पेटवलेला मोठा पट्टा त्याला जंगलातल्या आगीसारखाच दिसतो. वनरक्षक दारात आला तर शेजाऱ्याने चुगली केली असं समजू नका.

आता तीस हजारांचा मेसेज. तो आकडा खोटा नाही, पण तो आपल्यासाठी नाही. दिल्ली आणि लगतच्या राज्यांतल्या हवेसाठी जो आयोग आहे, त्याच्या क्षेत्रात पिकांचे अवशेष जाळल्यास नोव्हेंबर २०२४ पासून दोन एकरांखाली ५,०००, दोन ते पाच एकरांना १०,००० आणि पाच एकरांवर ३०,००० रुपये अशी भरपाई आकारतात. त्यात पंजाब, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश येतात. महाराष्ट्र येत नाही.

आपल्याला लागू पडतो तो दुसरा आकडा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर कचरा जाळल्यास २५,००० रुपये. बागेतला पातेरा जोपर्यंत निव्वळ पातेरा आहे, तोपर्यंत तुम्ही शेतीकाम करताय असं म्हणता येतं. त्यात प्लास्टिक पडलं की तो कचरा झाला. त्यामुळे बाटल्या आणि क्रेट त्या आगीत अजिबात चालत नाहीत. कायद्याचं सोडा, औषधाची बाटली जळताना आत उरलेलं औषधही धुरावाटे तुमच्याच गड्यांच्या नाकात जातं. बाटली रिकामी झाली की तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, बाटलीला भोक पाडा. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे अशी भांडी फोडून वस्तीपासून लांब पुरायची असतात. विहिरीच्या आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) वरच्या अंगाला पुरू नका. क्रेट भंगारवाला वजनावर नेतो. काजूची टरफलंही ढिगात नकोत, त्यांतलं तेल अंगावर उडतं आणि धूर डोळ्यांना झोंबतो. बागेच्या कडेला बिब्बा असेल तर त्याची एकही फांदी ढिगात जाऊ देऊ नका. त्याच्या धुराने अंगावर फोड येतात आणि गडी दुसऱ्या दिवशी कामाला येत नाहीत.

आग पलीकडे गेली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे. आगीबाबत हयगय करून दुसऱ्याचा जीव किंवा अंग धोक्यात घातलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुकसान होणार हे ठाऊक असून आग लावली असं ठरलं, तर कलम ३२६ खाली प्रकरण सात वर्षांपर्यंत जातं आणि त्यात शेतमालाचा स्पष्ट उल्लेख आहे. गेल्या वर्षी आग त्याच बाजूला गेली होती. यंदा पुन्हा गेली, तर 'ठाऊक नव्हतं' हे म्हणणं टिकवणं तुम्हाला कठीण जाईल. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा त्याहून वेगळा.

परवाना नसला तरी कळवणं तुमच्या हातात आहे आणि ते लेखी करा. साध्या कागदावर अर्ज लिहा, तीन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीला, एक तुमच्या नियतक्षेत्राच्या (बीटच्या) वनरक्षकाला, एक पोलीस पाटलांना. मजकूर इतकाच पुरे :

"मौजे ____ येथील गट क्र. ____, क्षेत्र ____, या माझ्या जमिनीतील बेणणीचा सुका पाला मी दि. ____ रोजी सकाळी ६.३० ते ९ या वेळेत ढीग करून जाळणार आहे. चतुःसीमा : पूर्वेस वनहद्द, दक्षिणेस गट क्र. ____, पश्चिमेस ____, उत्तरेस ____. वनहद्दीपासूनचे अंतर ____ मीटर. जागेवर ____ माणसे व ____ लिटर पाणी राहील. हरकत असल्यास दोन दिवस आधी कळवावे. मोबाइल ____."

प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, ग्रामपंचायतीत आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. ही पोच म्हणजे परवानगी नव्हे. तुम्ही काळजी घेतली होती याचा तो पुरावा आहे आणि मुख्य म्हणजे वनरक्षकाला त्या दिवशी धूर कुठला ते आधीच ठाऊक असतं. ग्रामपंचायतीत असतानाच दोन प्रश्न विचारून घ्या. ग्रामसभेने वणवाबंदीचा काही ठराव केलाय का? आणि जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश चालू आहे का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असा आदेश निघू शकतो. तो असेल तर विषयच संपला, त्या मुदतीत काडी ओढायची नाही. चौथी प्रत शेजाऱ्याला स्वतः नेऊन द्या. पोस्टाने नको.

एवढं सगळं सांगूनही आमचं मत असं की तुम्ही शिमग्याला जाळूच नये. बेणणी चुकीच्या महिन्यात होतेय, सगळा घोळ तिथे आहे. मार्चपर्यंत सड्याचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं, काजूचा पाला गळून थर झालेला असतो, हापूसवर कैरी असते. अशा वेळी बाग जाळणं म्हणजे वर्षाचं उत्पन्न आगीशेजारी ठेवणं. बेणणी भातकापणी उरकल्यावर, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात करा. गवत तेव्हा अर्धवट ओलं असतं, कटरने जमिनीलगत कापलं जातं आणि कापलेलं तिथेच बसतं. दोन दिवसांची सवड काढून तुम्ही तेव्हा या, नाहीतर चुलतभावाकडे पैसे पाठवून काम करून घ्या. कटर घ्यायचा असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणाच्या यादीत बघून अर्ज टाका.

कापलेलं गवत आणि पातेरा कलमांच्या आळ्यात पसरा. थर वीतभर, बुंध्यापासून हातभर जागा मोकळी. बुंध्याला टेकवलंत तर वाळवी चढते आणि मग लोक म्हणतात आच्छादन वाईट. कातळावरच्या जमिनीत ओल फार लवकर उडते, त्यामुळे या आच्छादनाचा फायदा हापूसला एप्रिलमध्ये दिसतो. वणव्याच्या दृष्टीने मात्र आच्छादन हे सरपणच, म्हणून हद्दीपासून पहिल्या दोन ओळींत ते घालू नका. तिथे माती उघडी ठेवा. उरलेला पाला खड्ड्यात कुजवा. काजूचं पान चिवट असतं, नुसतं टाकलं तर वर्षभर तसंच राहतं. वीतभर पाला, त्यावर शेणकाला, त्यावर मूठ-मूठ माती, असे थर द्या आणि पंधरा दिवसांनी पाणी मारा.

बेणणीबरोबरच हद्दीवर पट्टा मारून घ्या. वनखात्याच्या भाषेत जाळरेषा. बागेसाठी तीन मीटर, म्हणजे दहा फूट रुंदीचा पट्टा फावड्याने मातीपर्यंत खरवडायचा. नुसतं गवत कापून चालत नाही, खुंटांवरून आग चालत जाते. पलीकडे गवत कमरेएवढं असेल तर तीन मीटर अपुरे पडतात, दुप्पट करा. गडगा (दगडी कुंपण) असेल तर तो धरूनच पट्टा काढा, पण गडग्याच्या फटींतला पाला आधी ओढून टाका. चिऱ्यांमध्ये अडकलेली आग तास-दोन तासांनी पलीकडे निघते. खालच्या अंगाला पट्टा अधिक रुंद लागतो, कारण आग चढ चढताना धावते. दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. पूर्वेला वनखात्याने त्यांच्या बाजूची जाळरेषा काढावी म्हणून नोव्हेंबरातच परिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत. फेब्रुवारीत दिलेला अर्ज त्या साली उपयोगी पडत नाही.

एवढं करूनही छाटणीच्या फांद्या, रोगट डहाळ्या, वाळवी लागलेलं लाकूड असं काही जाळायचं उरेलच. ते कधीही पसरून पेटवू नका. ढीग करा. रुंदी दीड मीटर, उंची कमरेइतकी, त्याहून मोठा नाही. सर्वांत जवळच्या फांदीपासून दहा मीटर, वनहद्दीपासून जमेल तितका लांब. हापूसच्या फांद्या खाली लोंबतात, त्यामुळे अंतर बुंध्यापासून न मोजता घेराच्या कडेपासून मोजा. मोठा ढीग एकदम पेटवण्यापेक्षा लहान पेटवून त्यात थोडं थोडं घालत जा. पाच ढीग असतील तर एका वेळी एकच. ढिगाभोवती तीन हात माती उघडी करा. ओला पाला वर टाकू नका, नुसता धूर होतो आणि गडी कंटाळून रॉकेल मागतात. रॉकेल-पेट्रोल आगीजवळ न्यायचंच नाही.

आता वारा. गेल्या वर्षीचं उत्तर यातच आहे. किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. तुमच्या बागेत तो पूर्वेकडून, म्हणजे वनहद्दीकडून खाली येतो. सूर्य वर आला की तो पडतो, थोडा वेळ पानही हलत नाही. लोक त्या वेळेला 'वारा नाही' म्हणून काडी ओढतात. अकराच्या आसपास खारा वारा सुटतो आणि दुपारी दोन ते चार तो सर्वांत जोरात असतो. तो बरोबर उलट दिशेने येतो आणि उन्हाळ्यात नुसता पश्चिमेचाही नसतो, वायव्येकडून लागतो. तुमच्या नकाशात वायव्येचा वारा म्हणजे आग वनहद्दीकडे आणि दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे. चढ त्याच दिशेला असल्याने तिला दोन्हीकडून रेटा मिळतो.

म्हणून वेळ ठरलेली. उजाडताना, दव असताना पेटवायचं आणि नऊच्या आत शेवटची फांदी टाकून झालेली पाहिजे. सूर्यास्तानंतरही वारा पडतो, पण अंधारात उडालेली ठिणगी कुठे पडली ते सापडत नाही आणि गडी घरी जायच्या घाईत असतात. सकाळीच करा. आदल्या रात्री दव पडलं नसेल, किंवा पहाटेपासूनच गरम कोरडा वारा असेल, तर तो दिवस सोडा. गड्यांची रोजंदारी फुकट गेली तरी चालेल.

पाणी हंड्याने पुरत नाही. हापूसवाल्यांकडे सर्वांत चांगलं साधन घरातच असतं, फवारणीचा एचटीपी पंप, म्हणजे जास्त दाबाने पाणी फेकणारा. दोनशे लिटरचा ड्रम भरून, नळी ढिगापर्यंत ओढून, पंप एकदा चालू करून बघा, मगच काडी ओढा. आधी औषधाचा ड्रम धुऊन घ्या. शिवाय पाठीवरचा पंप भरलेला, दोन फावडी, ओली गोणपाटं, आणि झोडपायला हिरव्या पाल्याचे टाळे तोडून ठेवलेले. माणसं किमान तीन. एक ढिगाशी, एक पंपाशी आणि एक वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आगीकडे पाठ करून उडालेल्या ठिणग्या बघायला. या तिसऱ्याला सगळे विसरतात. अंगात सुती कपडे. टेरिकॉट आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

विझवताना सर्वांत जास्त चुका होतात. राखेवर माती लोटून लोक घरी जातात. माती टाकलेला निखारा विझत नाही, तो कोळशाच्या भट्टीसारखा आत धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याने माती उडाली की पेटतो. पाणी मारा, फावड्याने ढवळा, पुन्हा पाणी मारा. मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या, ऊब लागली तर अजून विझलेलं नाही. जुनं खोड किंवा मूळ ढिगाखाली असेल तर तिथे खणून बघा, मुळातली आग जमिनीखालून दोन-तीन दिवस चालते. नारळाची सोडणं ढिगात टाकली असतील तर तीही तशीच धुमसतात. दुपारी बारा वाजता पुन्हा एक फेरी, दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक. शिमग्याच्या पालखीची गडबड असली तरी त्या फेरीला माणूस नेमूनच ठेवा.

हातातून गेलीच, तर पहिला फोन करा, मग टाळे उचला. वनखात्याचा १९२६, आपत्कालीन ११२, अग्निशमन १०१. गोठ्यातली गुरं सोडा. आगीच्या वरच्या अंगाला, चढावर थांबू नका, ती तुमच्यापेक्षा जोरात चढते. बाजूने जा, आणि अडकलात तर जळून काळ्या झालेल्या भागात शिरा, तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं.

चुलतभावाच्या भाजावळीबद्दल थोडक्यात. स्वतःच्या तरव्याच्या जागेत ती करायला वेगळा परवाना नाही, पण वर सांगितलेलं वनहद्दीचं आणि हयगयीचं सगळं तिलाही लागू आहे. कवळ (झाडांच्या पाल्यासकट डहाळ्या) वनहद्दीतून तोडायची असेल तर वनखात्याची मान्यता लागते, आणि ऐन-किंजळीची झाडं तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या यादीतच आहेत. जुनी पद्धत खरं तर फार विचारपूर्वक बसवलेली आहे : खाली शेण, त्यावर कवळ, त्यावर पातेरा-गवत आणि वरून मातीचा पातळ थर. पेटवायचं वारा जिकडे जातो त्या टोकाला, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते आणि जमीन खोलवर भाजते. हल्ली लोक मातीचा थर देत नाहीत आणि वारा जिकडून येतो त्या टोकाला पेटवतात. भडका उडतो, ठिणग्या उडतात आणि जमीन वरवर करपते. तणाचं बी मरत नाही ते नाहीच.

तणासाठीच भाजत असाल तर आगीशिवायही ते होतं. एप्रिलच्या मध्यावर तरव्याची जागा नांगरून सपाट करा, पाणी देऊन ओली करा आणि २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद अंथरून कडा मातीत पुरा. चार ते सहा आठवडे उन्हात तसाच ठेवा. कागद काळा नको, पारदर्शकच, कारण ऊन आत शिरलं पाहिजे. जागा कोरडी राहिली किंवा कडा उघड्या राहिल्या तर काहीच होत नाही. मग एक मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच गादीवाफे करून गुंठ्याला २५० किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं. एका गुंठ्यातला तरवा साधारण दहा गुंठ्यांना पुरतो. भाजावळीत राखेतून पालाश मिळतं, पण नत्र धुरात जातं, आणि तरवा सहज उपटतो तो भाजलेली माती भुसभुशीत होते म्हणून. शेणखताने गादीवाफाही तितकाच मोकळा होतो.

शेवटचं काम शेजाऱ्याच्या त्या तीन कलमांचं. तो अजून रागावलेला असेल तर परवान्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल. कोयत्याच्या टोकाने बुंध्याची साल नखभर खरवडून बघा, आत हिरवं असेल तर तिथे जीव आहे. चारही बाजूंनी बघा. वारा ज्या बाजूने आला तिच्या उलट बाजूची साल जास्त भाजलेली असते, कारण ज्वाळा बुंध्याला वळसा घालून तिथे चढते. फांद्या मेल्यासारख्या दिसल्या तरी घाईने तोडू नका. एक पावसाळा गेलाय, तेव्हा पालवी कुठवर आली ते आता स्पष्ट दिसेल, त्याच्या वर कापा. कापलेल्या तोंडाला आणि उघड्या खोडाला बोर्डो मलम लावा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात अर्ध्या पाण्यात रात्रभर भिजवा, चुना दुसऱ्या भांड्यात उरलेल्या पाण्यात विरवून गार होऊ द्या, मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. लोखंडी भांडं वापरू नका. मलमात कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवून काढा. त्यावर तांबूस थर बसला तर थोडा चुना आणखी घाला. केल्या दिवशीच लावून संपवा, शिळं होऊन उपयोग नाही.

पालवी कलमाच्या सांध्याखालून फुटली असेल तर मात्र ती रायवळची आहे, हापूसची नाही. तसं असलं तर तिथे जूनमध्ये नवं कलम लावून द्या, तुमच्या खर्चाने.